गरुडाच्या छातीवरचं झाड

बैत शमारच्या बाजारात उस्ता मुकबिलला न ओळखणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर कालच जन्मलेला. उस्ता ही पदवी कोणाला मागून मिळत नाही. हातात कसब असलं की लोक आपणहून लावतात. हराझच्या डोंगरातल्या त्या गावात दुकानांच्या पाट्या, पाण्याच्या टँकरवरच्या दुआ, खाटकाच्या भिंतीवरचा तो विचारात पडलेला बोकड, सगळं मुकबिलच्या हातचं. पण त्याचं नाव झालं ते गरुडामुळे. येमेनचा सरकारी गरुड: पंख पसरलेला, दोन्ही अंगांना झेंडे, पायाखाली देशाच्या नावाची पट्टी आणि छातीवर ढाल. त्या ढालीवर मारिबचं जुनं धरण आणि कॉफीचं झाड.

नव्वद साली उत्तर आणि दक्षिण एक झाले, देशाचं नाव बदललं, आणि भिंतीभिंतीवरचे गरुड नव्याने काढायची वेळ आली. नेमका त्याच साली मुकबिल आखातातल्या युद्धापायी हाकललेल्या लाखो देशबांधवांबरोबर सौदीतून रिकाम्या हातांनी परतला होता. बाकीचे कपाळाला हात लावून बसले, याने हातात ब्रश घेतला. अठरा वर्षांत त्याने एकतीस गरुड काढले. पोलीस चौकी, कोर्ट, टपाल कचेरी, मुलांच्या शाळा, शिक्षण खात्याची कचेरी. सगळे गरुड एकाच आईची पिल्लं वाटावीत असे सारखे. त्याची बायको हूरिया म्हणायची की देशाचा गरुड कसा आहे ते अल्लाला ठाऊक, पण आमच्या गावच्या गरुडांना माझ्या नवऱ्याचं नाक आहे. मुकबिल त्यावर रागवायचा आणि मग आरशासमोरून जाताना हळूच बाजूने बघायचा.

असा हा माणूस गोड होता, पण एका बाबतीत त्याने स्वतःच्या सख्ख्या बहिणीला चार वर्षं जेरीस आणलं होतं. बापाच्या मागे डोंगरावर तीन पायऱ्यांचं शेत राहिलं होतं. वाटणी कधी झालीच नाही. मुकबिल लहानपणीच होदैदाला पाट्या रंगवायला शिकायला गेला, तिथून सौदीला, आणि शेत राहिलं थोरल्या तुहफाकडे. तिन्ही पायऱ्यांवर कॉफी. नवरा गेला, मुलगा सनाला मोटार चालवायला गेला, गुडघे गेले, तरी तुहफाची कॉफी गेली नाही.

आजूबाजूचा सगळा डोंगर मात्र केव्हाच कातचा झाला होता. हा कात विड्यातला नव्हे. ही झाडाची कोवळी पानं. जेवण झालं की गालात धरून संध्याकाळपर्यंत चघळायची, आणि जगातले सगळे प्रश्न सोडवायचे. बैत शमारमध्ये पुरुषाचा गाल दुपारी तीननंतर रिकामा दिसला तर लोक तब्येतीची चौकशी करतात. कातला गिऱ्हाईक रोज असतं, कॉफीला वर्षातून एकदा. मुकबिलचं म्हणणं साधं होतं: झाडं उपटू, कात लावू, तुझे गुडघे सुटतील आणि माझं छप्पर होईल. तुहफा म्हणायची, बघू. हे 'बघू' चार वर्षं चाललं. शेवटी त्या उन्हाळ्यात ती दमली. तिने निरोप धाडला की या वर्षीचं फळ मला खुडू दे, मग तुझी माणसं आण.

मुकबिलने त्याच दिवशी मजूर सांगून ठेवले. त्या दुपारच्या बैठकीत त्याने मित्रांना आपल्या जुडीतला कात वाटला, आणि बहीण शेवटी शहाणी झाली असं सांगितलं. घरी आल्यावर मात्र त्याला जेवण गेलं नाही. हूरियाने विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय.

त्याच सुमारास गावात मुलींची पहिली शाळा उभी राहिली. सव्वीस सप्टेंबरला, क्रांतीच्या दिवशी, तिचं उद्घाटन ठरलं. मुख्याध्यापिका बुशरा नावाची तरतरीत बाई होती. तिने मुकबिलला बोलावून दर्शनी भिंत दाखवली आणि सांगितलं की आजवरचा सगळ्यात मोठा गरुड हवा. मुकबिलने दहा दिवस शिडीवर काढले. बत्तिसावा गरुड खरोखरच देखणा उतरला. पिसन्‌पीस मोजून घ्यावं.

उद्घाटनाला चार दिवस होते तेव्हा तुहफा नातीचं नाव घालायला डोंगर उतरून आली. बरोबर भावासाठी किश्रचं गाठोडं, म्हणजे कॉफीच्या फळाची वाळलेली सालं. बी विकायची आणि साल आल्याबरोबर उकळून आपण प्यायची, ही तिथल्या शेतकऱ्यांची पिढ्यांची रीत. शाळेच्या अंगणात आणखी वीसएक बायका आल्या होत्या, सगळ्या वरच्या वाड्यांतल्या. मुकबिल शिडीवरून उतरला आणि कौतुकाच्या अपेक्षेने बहिणीशेजारी उभा राहिला.

तुहफा मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे छातीवर काय काढलंयस रे?"

"कॉफीचं झाड. राष्ट्राची खूण आहे ती."

"ही कॉफी?" तुहफा म्हणाली. "शेंडे लालसर, पानाला करवतीचे दाते, फांद्या सरळ आभाळात. मुकबिल, बाबा, तू देशाच्या छातीवर कात लावलायस."

 मग एक बाई पुढे झाली, तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाली की खरंच की, आणि फळं बघा, शेंड्याला डुलासारखी लटकवलीत. कॉफीचं फळ कधी शेंड्याला लागतं का? मग जो हशा पिकला तो आवरेना. बुरख्याआडून हसू ऐकणं फार वाईट. कोण किती हसतंय ते कळत नाही, सगळं गावच हसतंय असं वाटतं.

मुकबिलने आधी हुज्जत घातली. अठरा वर्षं झाली, एकतीस भिंती झाल्या, साहेबलोक त्याखाली बसतात, आजवर कोणी बोललं नाही. तुहफा शांतपणे म्हणाली, "कोण बोलणार? चौकी, कचेरी, टपाल, तिथे बसतात पुरुष. त्यांनी कॉफी कधी खुडलीय? खुडणाऱ्या आम्ही, आणि आम्हाला तुझा गरुड आज पहिल्यांदा दिसतोय."

 त्या दुपारी मुकबिल बैठकीला गेला नाही. जुन्या पत्र्याच्या पेटीतून त्याने पहिल्या गरुडाचा कागद काढला, नव्वद सालचा. त्यात झाड ठीक होतं. छापील चित्रावरून उतरवलं होतं. पण पुढे कागद कोण बघतं? हात सरावला, आणि रोज दुपारी डाव्या हातात जुडी आणि उजव्या हातात ब्रश. जे डोळ्यांसमोर, ते भिंतीवर. वर्षाला थोडं थोडं करत कॉफीचं पान करवती झालं, फांदी ताठ झाली, शेंड्याला लाली चढली. जुन्या भिंतींवरचे उडालेले रंगही दर दोन-तीन वर्षांनी त्यानेच चढवलेले, तेव्हा तेही गरुड तसेच झाले. त्याने फसवलं कोणालाच नव्हतं. त्याने फक्त बघणं सोडून दिलं होतं, आणि हे त्याला चोरीपेक्षा लाजिरवाणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो डोंगर चढला. साठीच्या माणसाला ती वाट सोपी नाही. कातच्या हिरव्यागार पायऱ्यांमधून, पाण्याच्या नळ्या ओलांडत, दोनदा बसत तो वर पोचला तेव्हा तुहफा फळं खुडत होती.  तिने टोपली थोडी सरकवून जागा करून दिली.

मुकबिल एका झाडासमोर बसला. बापाच्या आजाने लावलेलं झाड. फांद्या आडव्या, ओझ्याने जरा वाकलेल्या. पान गुळगुळीत, तेल लावल्यासारखं चमकणारं, कडा लाटेसारख्या, दाता एकही नाही. आणि फळं फांदीच्या अंगाला चिकटून, पेरापेराला घोळक्याने, काही हिरवी, काही पिवळी, काही लालबुंद. तो दुपारपर्यंत रेखाटत राहिला. गाल रिकामा होता, आणि तब्येत उत्तम होती.

"लहानपणी या झाडाखाली तू झोपायचास," तुहफा मध्येच म्हणाली. "आई खुडायची आणि मी तुझ्यावरच्या माशा हाकायची."

"मला आठवत नाही."

"तुला कसं आठवेल? तू झोपलेला होतास."

परतताना त्याने एक फांदी मागितली. ती तिने स्वतः कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. मजूर मात्र अजून सांगितलेलेच होते.

दोन दिवसांत मुकबिलने ढाल खरवडून नवं झाड काढलं. बुशराबाई खूश झाल्या. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब तयारी बघायला आले. कमरेला खंजीर, अंगात कोट, गाल आधीच भरलेला. त्यांनी भिंत पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"उस्ता, हे झुडूप कुठलं? माझ्या कचेरीतल्या गरुडावर असं नाही. चौकीतल्यावर नाही, टपालातल्यावर नाही. सगळीकडे एक आणि इथेच वेगळं? उद्या वरचे लोक येणार आहेत. सगळीकडे आहे तसं करून टाका."

 मुकबिलने मान डोलावली असती तर तासाभराचं काम होतं. गावात पुढचं कामही याच साहेबांच्या शब्दावर मिळायचं. त्याने अंगणाकडे पाहिलं. सजावटीला मदत करायला आलेल्या बायकांत तुहफा उभी होती, आणि या वेळी कोणीच हसत नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "तो सगळीकडचा गरुड मीच काढलाय. तो चुकलाय. त्याच्या छातीवर कात आहे. तुम्ही इतकी वर्षं कातखाली बसून सह्या करताय, हा माझा गुन्हा. पण ही भिंत मी बदलणार नाही. हिच्यासमोर मुली उभ्या राहणार, आणि त्यांच्या आयांना कॉफी ओळखता येते."

साहेबांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात तुहफा पुढे आली आणि ओढणीच्या गाठीतलं एक लाल फळ तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं. चावून बघ बाळा, म्हणाली. पन्नाशीच्या साहेबांना बऱ्याच वर्षांत कोणी बाळ म्हटलं नसावं. त्यांनी गालातला कात एका बाजूला सारला आणि फळ चावलं.

"गोड आहे," ते चकित होऊन म्हणाले.

"मग? तुम्ही पुरुष नुसती सालं उकळलेली पिता. फळ कोण खाऊन बघतं?"

साहेबांनी बी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, खिशात टाकली, आणि भिंत आहे तशी राहू दे असं सांगून निघून गेले. दुसऱ्या दिवशी वरचे लोक आले, भाषणं झाली, मुलींनी राष्ट्रगीत म्हटलं. वरच्या लोकांपैकी एकानेही ढालीकडे पाहिलं नाही. असतं तसंच.

नोव्हेंबर संपता संपता तुहफाची खुडणी झाली. सांगून ठेवलेले मजूर कुदळी घेऊन तिच्या पायरीवर हजर झाले, आणि त्यांच्यामागून धापा टाकत मुकबिल. तुहफा दारात उभी होती. तिने झाडांकडे पाहायचं टाळलं आणि भावाला म्हणाली की आधी चहापाणी करा, मग लागा कामाला.

मुकबिलने मजुरांना पडलेला बांध दाखवला. दगड लावून द्या, एवढंच काम आहे, असं त्याने सांगितलं. तुहफा दारातून पुढे आली.

"एकतीस गरुड चुकलेत," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ते दुरुस्त करायचेत. नमुना समोर असल्याशिवाय मी आता ब्रश उचलणार नाही. झाडं लागतील मला."

"एकतीस ना? महिन्याभरात उरकशील तू."

"फळ लाल असतं किती दिवस? तेवढ्यातच रंगवायचं. वर चढायचं, बघायचं, फांदी न्यायची. वर्षाला एक होईल."

तुहफाने बोटं मोजली. ती हिशेबात कच्ची नव्हती. "तेव्हा तू नव्वदीच्या पुढे असशील. हात कापायला लागला तर?"

"मग दोन वर्षांना एक," मुकबिल म्हणाला.

तुहफा आत वळली. किश्रचं भांडं चुलीवर चढवलं आणि त्यात आलं जरा जास्तच ठेचून घातलं, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तर आल्याचं म्हणता येईल. बाहेर मजूर बांधाचे दगड लावत होते आणि मुकबिल त्यांच्यावर ओरडत होता, जपून रे, मुळांना धक्का लागता कामा नये.