सर्जाची झूल आणि माझा झंपर

माझ्या डोहाळजेवणाला आमचा बैल आला होता, आणि तो आगंतुक होता असं मला म्हणता येत नाही.

त्याचं असं झालं. माझं माहेर जळगावचं, आणि मला दिली धरणगावजवळच्या एका खेड्यात. लग्न ठरताना आईनं एकच गोष्ट ठासून सांगितली होती : "पोरीचा शाळेत शिवणकामात पहिला नंबर!" (तो नंबर रुमालाच्या कडा दुमडण्यात होता. हे तिनं सांगितलं नाही. मीही नाही.) त्यामुळे सातव्या महिन्यात माझे सगळे झंपर तटतटू लागले आणि माहेरहून हिरव्या पातळासोबत एकाच झंपरापुरतं हिरवं पॉपलीन आलं, तेव्हा सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. शिंप्याची शिलाई परवडणारी नव्हती. त्यातून डोहाळजेवणाला सासूबाईंची बहीण, धुळ्याची मावशी, येणार होती. लग्नानंतर माझी पहिली भाकरी उजेडात धरून "शहरनी पोर!" असा सुस्कारा सोडणारी ती हीच. तिला मला दाखवून द्यायचंच होतं.

"मीच शिवते," मी म्हटलं. "चांगला ऐसपैस शिवते. बाळंतपणापर्यंत पुरेल."

घरात मापाची पट्टी नव्हती. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, तिची गरजही नव्हती.

"पट्टी कसाले? मनी वीत शे ना!" असं म्हणून त्यांनी माझ्याभोवती वीत टाकत एक फेरी मारली. "पाच वीत. वर चार बोटं ढिलं ठेव."

मी पॉपलीन अंथरलं, पाच विती मोजल्या, वर चार बोटं सोडली आणि कात्री चालवली. अगदी बिनचूक! उरलेल्या तुकड्याचं बाळाला टोपडंही बेतून टाकलं. शेजारणीचं मशीन मागायला लाज वाटली म्हणून हातानंच शिवला, आणि उसवायला नको म्हणून दुहेरी टीप घातली. आता आठवलं की त्या दुसऱ्या टिपेचाच जास्त राग येतो.

डोहाळजेवणाच्या दिवशी अंगणात मांडव सजला, पुरणाचा वास सुटला, बायका जमू लागल्या, आणि मी आतल्या खोलीत झंपर अंगात घातला. म्हणजे हात गेले. पुढची बटणं आणि काजं मात्र एकमेकांपासून इतकी लांब राहिली की त्यांची गाठ पडण्याची काही आशाच नव्हती. माझा जुना झंपरसुद्धा याहून सैल होता!

"श्वास आत घे," हे दारातून म्हणाले.

"मी घेईन हो! पोटातल्याला कोण सांगणार?"

मला रडूच कोसळलं. बाहेर मावशीचा आवाज येत होता, "कोठे शे ती शिवनारी?" जमीन दुभंगली असती तरी त्या पोटानिशी मी भेगेत अडकलेच असते, इतकी माझी दशा वाईट होती.

अक्का आत आल्या. झंपर पाहिला. त्यांनी माझा पंजा आपल्या पंज्याला लावला. जन्मभर कापूस वेचलेला, भाकऱ्या थापलेला त्यांचा हात! माझी बोटं त्यांच्या दुसऱ्या पेरापर्यंतही पोचेनात. (माझे हात इवलेसे म्हणून माहेरी केवढं कौतुक असे! कासार खास लहान बांगड्या आणायचा.)

"तू तुन्या वीतवर कापं?" अक्का हळूच म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात, पाच वीत..."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि माळ्यावरून पोळ्याची झूल खाली ओढली. आमच्या सर्जाची, पोळ्याला पाठीवर टाकायची. माझं पातळ सोडलं तर घरात तेवढंच काय ते हिरवं होतं! झंपराच्या कुशीच्या दुहेरी टिपा कशाबशा उसवून आम्ही दोघींनी झुलीच्या दोन पट्ट्या कापून दोन्ही कुशींत जोडल्या.

"कोन देखस? पदर शे ना वर!"

पदर होता. पण घाईत झुलीचं एक घुंगरू पट्टीवर तसंच राहिलं. मी चौरंगावर बसले, छुन्न. ओटीसाठी वाकले, छुन्न छुन्न. बायका एकमेकींच्या पायांकडे बघू लागल्या.

"हाई काय वाजस वं?" मावशीनं विचारलं.

मी श्वास रोखला. तेवढ्यात गोठ्यातून सर्जा हंबरला. त्या बिचाऱ्याचा हिशेब सरळ होता : आपलं घुंगरू वाजतंय, पुरणपोळीचा वास येतोय, त्या अर्थी पोळा आला! त्यानं दाव्याला हिसडा दिला, ते तोडलं आणि थेट मांडवात येऊन माझ्या कुशीला नाक लावलं. बायका किंचाळत उठल्या. पदर सर्जाच्या शिंगाला लागून सरकला.

"ओ माय वं!" मावशी ओरडली. "हाई ते सर्जानी झूल शे!"

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. झाकायचं होतं ते उघडंच राहिलं.

मग अक्का पुढे झाल्या. "तिले कोनी हसानं नही," त्या बहिणीला म्हणाल्या. "चूक मनी शे. वीत मनी व्हती." कधी नव्हे ते त्या माझ्या बाजूनं बोलल्या, आणि मला आणखीच हुंदका फुटला. मावशीनं नारळ माझ्या ओटीत घातला, सर्जाला पुरणपोळी दिली आणि मग खांबाला धरून पोट दुखेपर्यंत हसली.

पुढच्या पोळ्याआधी मी झंपरातल्या त्या पट्ट्या उसवल्या आणि माझ्याच हातानं झुलीला परत जोडल्या. पोळ्याच्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. सर्जा डौलात निघाला. झूल कुठे तटत नव्हती, कुठे ओढत नव्हती. जन्मात मी शिवलेला तो एकच कपडा अंगाला बरोबर बसला, आणि तोही बैलाच्या!