मैना घोडीचा तंग

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. हात सुईदोऱ्याला वळला तो पेनाकडे परत आलाच नाही. पण जे लिहायचं ते मला पक्कं माहीत आहे, त्यात चूक होणार नाही. हे मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. वही उघडणारी तू जी कोणी असशील, तुला सांगते.

मी चारचौघांत बोलत नाही. लोक म्हणतात, गरीब गाय आहे. तसं समजू नको. न बोलणाऱ्या बाईलाही खोटं बोलता येतं — आणि तिचं खोटं तर लोक लगेच खरं मानतात.

आधी घोड्याचं सांगते, कारण त्यातलं मला कळतं. माझे वडील दारव्ह्याला स्टेशनवर टांगा हाकायचे. मी चालायला लागले तेव्हापासून घोड्याच्या पायांत वावरले. घोड्याच्या पोटाखालून जो पट्टा आवळतात, त्याला तंग म्हणतात. तंग बांधताना घोडं पोट फुगवून धरतं. आपल्याला वाटतं, घट्ट बसला. म्हणून त्याला चार पावलं चालवायचं, त्यानं श्वास सोडला की पुन्हा आवळायचा. वडील म्हणायचे, पहिला तंग घोड्याचा, दुसरा आपला. मग त्या दिवशी मला हे आठवलं नाही का? — आठवलं होतं. हेच तर सांगायचं आहे.

तीन वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या दिरांनी सहल काढली. ते मास्तर आहेत, त्यांची बायको सीमा सरकारी कचेरीत कारकून. भाड्याची मोठी गाडी, आम्ही दोघं, ते दोघं आणि दोन्ही घरची पोरं. दिग्रसला तर्री-पोहे खाल्ले. पुसदच्या पुढे धरणाच्या काठावर तंबू लावलेले होते, तिथं मुक्काम. घोड्यावरही बसायला मिळतं, असं दिरांनी सांगितलं तशी सीमा म्हणाली, "ताई, तुम्हाले तर फुकटच बसू देतीन. तुमचं खानदानी काम आहे!"

गाडीत सगळे हसले. आमचे हे पण हसले. मीही हसले. लग्न झाल्यापासून हे चाललं आहे — टांगेवाल्याची पोर. सीमा वाईट नाही, हेही लिहून ठेवते. थंडी वाजत होती म्हणून तंबूत तिनं आपली शाल माझ्या पायांवर टाकली होती. पण गाडीतलं ते हसणं माझ्या पोटात तसंच राहिलं.

सकाळी घोडेवाला आला. नामदेव त्याचं नाव, पन्नाशीचा असेल. घोडीचं नाव मैना. मी तिला हात लावण्याआधी तळवा नाकाशी धरला, हुंगू दिला. त्यानं ते पाहिलं.

"बाई, घरी घोडं होतं का?"

मी मान डोलावली. किती वर्षांनी कोणी हे न हसता विचारलं असेल?

पोरांच्या फेऱ्या झाल्यावर त्यानं मैनाचा तंग ढिला केला, तिला दम घेऊ दिला. बादली उचलून मला म्हणाला, "पानी घेऊन येतो. तंग सोडला हाय, मी येईन तवरीक कोनाले बसू देऊ नका. तुम्हाले समजते म्हनून सांगतो."

तुम्हाला समजतं म्हणून. पाहा, माणसानं किती विश्वास टाकला!

तो उतारावरून गेला आणि तंबूतून सीमाचा आवाज आला, "ताई, माह्या नंबर आला का?" मी तंगाला हात घातला. आवळला. टोक दोनदा दुमडून आत खोचलं, वडील खोचायचे तसं. मला काय हवं होतं? सीमानं येऊन विचारावं, ताई, तुम्ही बांधला? आणि मी हो म्हणावं. एवढंच. त्यासाठी थांबायला मी तयार नव्हते. मैनाला चार पावलं चालवली असती तर तेवढ्यात तो परत आला असता, दुसरा तंग त्यानं आवळला असता, आणि मग माझं काय राहिलं असतं? मी चालवली नाही.

सीमा आली ती फोनमध्ये बघत. तिनं काहीच विचारलं नाही. दगडावर चढली आणि मैनावर बसली. मी तिला थांबवलं नाही.

मैना वळली तसं खोगीर पोटाखाली फिरलं. सीमा दगडांवर पडली. मनगट दोन जागी मोडलं.

दीर धावत आले. "कोनं बांधलं होतं हे?"

माझ्या तोंडातून निघालं, "त्यांनीच. बांधून ठेवलं, बस म्हणाले, अन् पाण्याले गेले."

न अडखळता बोलले मी. आयुष्यात एवढं ठणठणीत कधी बोलले नव्हते.

नामदेव बादली घेऊन मागेच उभा होता. त्यानं ऐकलं. बादली खाली ठेवली, मैनाच्या पोटाखाली लोंबणारं खोगीर पाहिलं, दुमडलेलं टोक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल.

"दारू पिऊन तंग बांधतं काय बे?" दीर ओरडले.

"बाई खोटं कायले बोलतीन, साहेब?" तो म्हणाला. 

प्लास्टरचे म्हणून त्याच्याकडून सहा हजार घेतले. तंबूवाल्यानं त्याला तिथं घोडी आणायची मनाई केली. आमच्या घरात ती गोष्ट अजून रंगवून सांगतात — सहलीतला बेवडा घोडेवाला. तो प्यालेला नव्हता. सीमाचं मनगट पुरतं वळत नाही, ती चहा डाव्या हातानं ओतते. पाहुण्यांना सांगते, "ताई होत्या जवळ म्हणून लवकर उचललं मले." मी बशा पुढे करते.

मला कोणी घराबाहेर काढणार होतं का? नाही. मारणार होतं का? तेही नाही. हसले असते — टांगेवाल्याची पोर, अन् तंग बांधता येत नाही! त्या हसण्याला भिऊन मी एका माणसाची भाकरी घालवली. भीती केवढी आणि नुकसान केवढं.

साड्यांना फॉल लावून मी पैसे साठवले. दिग्रसला बहिणीकडे जाते सांगून निघायचं आणि पुढे जीपनं धरणाजवळच्या नामदेवच्या गावाला. पहिल्यांदा गेले तेव्हा ओट्याशी उभी राहूनच म्हटलं, "तंग मी बांधला होता."

"मालूम आहे," तो म्हणाला. "असं टोक मी दुमडत नाही."

अंगणात मैना नव्हती. पुढच्याच पावसाळ्यात विकली म्हणाला. आता तो सोयाबीन काढायला, कापसाच्या गाड्या भरायला जातो. मी दोन हजार दिले, त्यानं घेतले. वर्षभरानं आणखी दोन. त्याची बायको दोन्ही वेळा दारात उभी होती, बस म्हणाली नाही. का म्हणावं तिनं?

घरी मी अजून सांगितलेलं नाही. सीमालाही नाही.

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा गेले. त्यानं नोटा दोनदा मोजल्या आणि बायकोच्या हातात दिल्या.

"सहा हजार पुरे झाले," तो म्हणाला. "आता येऊ नका, बाई."

मी बरं म्हटलं आणि जीपच्या रस्त्याला लागले.