वीस निरोगी बाटल्या

प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला सगळे अत्तरवाले म्हणत. दिवसभर पुरुषांच्या लघवीच्या बाटल्या हाताळणाऱ्याला असं नाव टवाळखोरच ठेवणार, पण अत्तरवाल्यांना ते आवडायचं.

तिथे वास घेणारं एक यंत्र होतं. लघवी कोमट करून तिची वाफ नळीतून आत सोडायची, आणि आतल्या सेन्सरनी प्रोस्टेटच्या कॅन्सरचा वास ओळखायचा. म्हणजे ओळखायला शिकायचं. लहान मुलासारखं त्याला आधी दाखवावं लागे, हा वास रोग्याचा, हा निरोग्याचा. झाकणांवर तसं लिहायचं काम अत्तरवाल्यांचं. अक्षर मोत्यासारखं.

रोग्यांच्या बाटल्या वॉर्डातून आपसूक येत. अडचण निरोग्यांची. पन्नाशीपुढचे वीस धडधाकट पुरुष गाठा, आधी रक्त तपासा आणि मगच बाटली घ्या, असं यंत्राचं काम बघणाऱ्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. अत्तरवाल्यांनी लिफ्टवाल्याला विचारलं, माळ्याला विचारलं; सगळ्यांनी नाक मुरडलं. मग त्यांनी वीस दिवस रोज सकाळी एकेक बाटली स्वतःच भरली आणि झाकणावर लिहिलं, निरोगी. रक्ततपासणीच्या रकान्यात बरोबरची खूणही केली. आपल्याला काय धाड भरलीय, एवढाच त्यामागचा विचार. लबाड नव्हते ते, आळशी होते. आळशाला दैव सहसा माफ करतं. यांना नाही केलं.

यंत्र शिकलं. वर्षभराने अत्तरवाल्यांची धार अडखळू लागली. बायको म्हणाली, रक्त तपासून घ्या. चारदा म्हणाली. दर वेळी ते दुसऱ्या दिवशी यंत्राला आपली बाटली लावत आणि हिरवा दिवा बघून मजेत घरी येत. यंत्रावर अजून विसंबू नये, असा कागद डॉक्टरबाईंनी भिंतीवर लावायला दिला होता. तो चिकटवला होता अत्तरवाल्यांनीच.

"अगं, ज्याला मी नाक दिलं ते मलाच फसवेल?" ते बायकोला म्हणायचे.

मग कंबर धरली. मणक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. प्रोस्टेटचा कॅन्सर, किमान तीन वर्षांचा, हाडांपर्यंत पोचलेला. डॉक्टरबाईंनी स्वतः त्यांची बाटली यंत्राला लावली. हिरवा. पुन्हा लावली. हिरवाच. इतका मुरलेला रोग कळत नसेल तर हे काम गुंडाळावं लागेल, असं त्या म्हणाल्या. स्वतःचा रिपोर्ट अत्तरवाल्यांनी मान डोलावत ऐकला होता; हे ऐकून मात्र ते पुढे सरकले.

"बाई, निरोग्यांच्या त्या वीसही बाटल्या माझ्याच आहेत."

करावे तसे भरावे म्हणतात. यांनी तर स्वतःच्या हाताने भरलं होतं, वीस वेळा. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, कंबर किती दुखते तेही विचारलं नाही.

"फ्रीजरमध्ये आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग झाकणं दुरुस्त करून द्या. तुमच्याइतकं नीट कुणाला जमायचं नाही."

बायको बाहेर बाकावर औषधांची पिशवी घेऊन बसली होती. आत अत्तरवाले पाठीशी उशी लावून स्टुलावर बसले. स्पिरिटचा बोळा घेतला आणि एकेका झाकणावरचं फक्त 'नि' पुसलं. बाकीचं तसंच चाललं. नवीन काही लिहावं लागलं नाही.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या इस्पितळातून रक्त तपासलेल्या वीस निरोग्यांच्या बाटल्या मागवल्या आणि संध्याकाळपर्यंत यंत्राला सगळा धडा नव्याने दिला. अत्तरवाल्यांची बाटली लावली आणि पहिल्याच फटक्यात दिवा लाल झाला. डॉक्टरबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी अत्तरवाल्यांच्याच पाठीवर थाप मारली. ते कळवळले, आणि सवयीने हसलेही.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणालं यंत्र?"

"आता बरोबर सांगतंय."

"मग वर्षभर काय सांगत होतं?"

अत्तरवाल्यांनी जिना उतरायला तिचा खांदा धरला.

"मी शिकवलं तेच," ते म्हणाले.