मिलिंदचे हातमोजे

मिलिंदला जाऊन महिना झाला, तरी वहिनींचा तो फोन कानातून जात नाही. "डॉक्टर रेबीज म्हणतायत, भाऊजी." मी विचारलं, "कुत्रं कधी चावलं त्याला?" त्या म्हणाल्या, "चावलंच नाही हो... तेच तर कळत नाही."

अंबडच्या कारखान्यात आम्ही दोघं फिटर. बंद पडलेली वस्तू दिसली की मिलिंदला चैन पडायचं नाही. पंखा असो की पाण्याची मोटर, आधी हात आत, मग विचार! हातमोजे मात्र कधी घातले नाहीत. "मोज्यात बोटं आंधळी होतात रे," म्हणायचा. पत्र्याच्या कडांनी बोटांवर कायम ओरखडे. मी चिडवायचो, "एवढ्या जखमा तर पैलवानाला नसतात."

सुट्टीत तो नांदगावकडे भावाच्या मळ्यात गेला होता. गाय चारा खाईना, लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता. भाऊ म्हणाला, "घशात कायतरी आडकलं हाय." झालं! पठ्ठ्यानं बाही सारली आणि कोपरापर्यंत हात घातला. काहीच सापडलं नाही. कारखान्यात पुसतो तसा हात फडक्याला पुसला आणि चहा प्यायला. गाय दोन दिवसांत मेली. परत आल्यावर त्याला एकच प्रश्न छळत होता, "घसा मोकळा होता यार, मग तिला गिळता का येईना?" जेवणाच्या सुट्टीत तो पुन्हा पुन्हा तेच काढायचा, आणि आम्ही हसायचो.

दवाखान्यात मी गेलो, तेव्हा त्यानं पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेला आणि दचकून बाजूला केला. घसा आवळून आला होता. माझ्याकडे बघत म्हणाला, "त्या गायीसारखंच रे..." रोग कुठून आला, याचं उत्तर डॉक्टरांच्या आधी त्यालाच सापडलं होतं. मला रडू आवरेना.

डॉक्टरांनी मग सगळं समजावलं. पिसाळलेल्या कुत्र्यानं गायीला चावलं असणार. रोग लाळेत असतो. चावाच लागतो असं नाही, ओरखड्याला लाळ लागली तरी पुरते. तेव्हाच साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात नीट धुतला असता, लगेच इंजेक्शनं घेतली असती, तर तो वाचला असता. एकदा लक्षणं दिसली की काही हाती उरत नाही. त्याच गायीला हाताळणाऱ्या भावाला आम्ही त्याच दिवशी इंजेक्शनांसाठी पाठवलं. तो ठीक आहे.

परवा कारखान्यातलं मिलिंदचं कपाट रिकामं केलं. आत कंपनीनं दिलेले हातमोजे होते, पिशवीसुद्धा न फोडलेली. मी ते घातले आणि एक नट चाचपून पाहिला. खरं होतं तुझं, मिलिंद, बोटं आंधळी होतात... मी ते काढले नाहीत.