विहिरीचा कोपरा

आप्पांना घाई झालेली मी वर्षातून एकदाच पाहायची, आणि तीही नावापुरती. एरवी सकाळी ते घरातून निघाले की मोंढ्यातल्या आपल्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर काठी टेकत चालणारी म्हातारी माणसंसुद्धा त्यांना ओलांडून पुढे जात. दुकान दोर-कासऱ्यांचं, सुतळीचं आणि ताडपत्र्यांचं. शेजारचे आडतवाले म्हणत, "आप्पा निघाले. आता दुपारी दुकान उघडणार." आप्पा हसून म्हणत, "जल्दी कायची? दुकान काय पळून चाललंय?" सगळं अहमदपूर त्यांना आप्पा म्हणायचं. ते माझे सासरे. लग्नानंतर थोडे दिवस मी 'मामंजी' म्हणून पाहिलं, पण त्या हाकेला ते वळूनच बघत नसत, मग मीही आप्पाच म्हणू लागले.

वर्षातली ती घाईची संध्याकाळ म्हणजे येळवस, आमच्या लातूर भागातली वेळ अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि झाडून सगळी माणसं शेतात जेवायला जातात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पूजा मांडायची, मग भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. ओळखीचा असो की वाटसरू, जो येईल तो पंगतीला बसतो. दिवस मावळताना आप्पा धोतर खोचून उभे राहत, स्वतः घट्ट बांधलेली कडब्याची पेंढी पेटवत आणि ती हातात धरून बांधाबांधानं शेताला एक फेरी मारत. आमच्या घरचा नेम असा की, पेंढी खोपीपासून निघाली की जळतच खोपीपर्यंत परत आली पाहिजे. पुतणे-भाचे हौसेनं मागत आणि आप्पाही देत. पोरं सुसाट सुटत, निम्म्यात पेंढी भडकून हातावर येई आणि ती टाकून बोटं चोखत परत येत. मग आप्पा दुसरी पेटवून आपल्या चालीनं निघत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या दरवर्षी तेच बोलत, "ह्यांचं पळणं म्हंजी बसल्यावानीच हाय!" पण आप्पांची पेंढी कधी विझली नाही.

मी माहेरची नांदेडची, आणि सासरी येताना माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती: ही अर्ध्यात उठून येते. बी.एड.च्या परीक्षेत दोनदा मी निम्मा पेपर लिहून वर्गाबाहेर पडले होते. अभ्यास झालेला, उत्तरं येत असलेली, पण मध्येच कधीतरी छाती धडधडू लागे, हाताला घाम फुटे, आणि आता इथून उठले नाही तर जीव जाईल असं वाटे. बाहेर आलं की पाच मिनिटांत सगळं ठीक. त्याचीच जास्त लाज वाटायची. गाण्याचा क्लास, शिवणकाम, कम्प्युटर, सगळ्याचं तेच झालं होतं. भाऊ म्हणायचा, "हिच्या लग्नात भटजींना सांगा, मंगलाष्टकं लवकर उरका." लग्न तेवढं पुरं झालं. पण मला शिक्षिका व्हायचं होतं, लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं, आणि आता परीक्षेला बसायची एकच संधी उरली होती. ती चुकली की संपलं. फॉर्म भरायलाही हात धजत नव्हता.

त्या हिवाळ्यात नांदेडच्या माझ्या मैत्रिणीनं, मीरानं, तिथल्या बायकांच्या शर्यतीत माझं नाव परस्पर घातलं. पाच किलोमीटर पळायचं. शाळेत असताना लिंबू-चमचासुद्धा न खेळलेली मी. घरी हसत हसत सांगितलं, म्हणजे कुणीतरी 'नको' म्हणेल आणि माझी सुटका होईल. आमचे हे खरंच "कशाला?" म्हणाले. आप्पा जेवत होते. भाकरीचा शेवटचा घास संपवून म्हणाले, "पळायचं तर पळ. येळवस आलीच हाय. आवंदाची फेरी तू मार. मी हाय मागं."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. पण त्या संध्याकाळी पेटलेली पेंढी माझ्या हातात आली, आणि ओढणी कमरेला बांधून मी निघाले. पहिला बांध मजेत गेला. मागून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मग बांध वळला आणि शेताच्या पार टोकाची विहीर आली. तिथे डोक्याएवढी ज्वारी, त्यामुळे खोप दिसत नाही, माणसांचा आवाजही पोचत नाही. धूर डोळ्यांत गेला, पेंढीची धग मनगटाला लागली आणि छातीत तेच सुरू झालं. हरभऱ्यातून सरळ खोपीकडे पळत सुटावं असं वाटलं.

मागून आप्पांचा आवाज आला, "काय झालं गं?"

"आप्पा, जीव घाबरून राहिला. धरा ही पेंढी."

त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "हितंच घाबरतो. माझाबी घाबरतो, दरसाली."

या माणसाचा जीव घाबरू शकतो हे मला खरंच वाटेना.

"ह्यो इहिरीचा कोपरा हाय पोरी. मागंबी लांब, पुढंबी लांब, आन् माणूस दिसत न्हाई. हितं मागं-पुढं बघायचंच न्हाई. पेंढीकडं बघायचं. जळून राहिली न्हवं?"

"हो."

"मंग झालं. पळणं होत न्हाई तर चाल. पर थांबू नको."

मी चालले. थोड्या वेळानं ज्वारी संपली, खोप दिसली, आणि पाय आपोआप पळू लागले. पेंढीचं हातभर बुडखं उरलं होतं, पण ते जळत होतं. आप्पांनी ते माझ्या हातून घेऊन खोपीसमोर ठेवलं आणि आत्याबाईंकडे आंबील मागितली. शाबासकी वगैरे काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते मला पहाटे उठवू लागले. मी शेताच्या बांधावरून पळायची आणि ते खोपीपाशी घोंगडी पांघरून बसायचे. रोज पेंढी पेटवता येत नाही म्हणून हातात कडब्याचं एक कांडं द्यायचे. म्हणायचे, "हातात कायतरी आसू दे. मोकळ्या हाताला लई इचार सुचतेत." फेरी पुरी करून आले की एकच प्रश्न, "इझली न्हाई न्हवं?" मी वाळकं कांडं दाखवून "नाही" म्हणायची. हळूहळू ते आमच्या घरातलं बोलणंच झालं. कुणाला दाढदुखी असो की दुकानात मंदी, आत्याबाईसुद्धा म्हणू लागल्या, "इहिरीचा कोपरा हाय, जाईल."

शर्यतीच्या सकाळी आप्पा एस.टी.नं माझ्यासोबत नांदेडला आले. हे दुकानावर थांबले. रंगीत टी-शर्ट घातलेल्या शेकडो बायकांत मी हातात कडब्याचं कांडं धरून उभी. मीरा म्हणाली, "अगं, म्हशीला चारा घालायला आलीस का?" शिट्टी झाली, सगळ्या भराभर पुढे गेल्या आणि मी आप्पांच्या चालीनं निघाले. गोदावरीच्या पुलापर्यंत ठीक होतं. पुलाच्या मध्यावर मागेपुढे कुणी उरलं नाही, आणि छाती धडधडू लागली. दमलेल्या बायकांना गोळा करणारी गाडी शेजारी येऊन हळू झाली. आतला माणूस चांगल्या मनानंच म्हणाला, "ताई, बसा की." गाडीचं दारही उघडं होतं. मी कांड्याकडे बघितलं. घामानं ओलं झालेलं, एका बाजूनं सोललेलं. त्याच्याकडेच बघत मी पूल चालत ओलांडला. ती गाडी बराच वेळ माझ्या मागे मागे येत राहिली.

मी पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. एक खुर्ची तेवढी त्यांना मिळाली नव्हती. तिच्यावर आप्पा बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. मी कितवी आले ते त्यांनी विचारलं नाही.

"इझली न्हाई न्हवं?"

मी भर रस्त्यात त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. सुनेनं सासऱ्याच्या खांद्यावर रडायची आमच्यात रीत नाही. ते अवघडले, पण हलले नाहीत.

बी.एड.ची परीक्षा मी त्याच उन्हाळ्यात दिली. कंपासपेटीत कांड्याचा तुकडा होता. पर्यवेक्षक बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. प्रत्येक पेपरात कोपरा आला आणि प्रत्येक पेपरात गेला. आता मी जळकोटच्या शाळेत शिकवते. मुलं गणितात अडली की माझ्या तोंडून विहीर निघते आणि वर्ग हसतो.

आप्पा गेल्या पावसाळ्यात गेले. फुप्फुसांचं दुखणं होतं, लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मी उशाशी होते. त्यांचा श्वास अडकत होता आणि मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसल्यासारखं वाटलं. त्यांचा हात धरून मी म्हटलं, "आप्पा, विहिरीचा कोपरा आलाय. मागं-पुढं बघू नका."

त्यांनी नाकावरचा मास्क जरा बाजूला केला.

"न्हाई गं माय," ते म्हणाले. "कोपरा कवाच मागं गेला. आता खोप दिसून राहिली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कशाला रडतीस? इझली न्हाई अजून."

संध्याकाळी ते गेले.

त्या वर्षीच्या येळवशीला पेंढी ह्यांनी बांधली, थोडी सैलच. पेटवून त्यांनी ती माझ्या हातात दिली. विहिरीच्या कोपऱ्यावर मी नेहमीसारखीच घाबरले. मागून विचारायला या वेळी कुणी नव्हतं. मी पेंढीकडे बघत चालत राहिले. ज्वारी संपली, खोप दिसली. खोपीसमोर आत्याबाई एकट्याच उभ्या होत्या, डोळ्यांवर हाताची सावली धरून. मी जवळ येईपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. लांबूनच ओरडल्या,

"इझली न्हाई न्हवं गं?"

"न्हाई, आत्याबाई," मी म्हटलं.