नाववाला टाईप

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुठल्याही गल्लीत शिरा, तळमजल्यावर मेडिकल, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि दुसऱ्या मजल्यावर दहावीचा क्लास असतोच. आमचाही क्लास दुसऱ्याच मजल्यावर आहे. खालून दात कोरण्याच्या मशीनचा आवाज येतो आणि वर आमच्या सरांचा, तोही माइकवरून. दोन्हींत जास्त त्रास कशाचा होतो हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण खालचे लोक निदान भूल तरी देतात.

मी तिथे गणित शिकवते. म्हणजे माझी तशी समजूत आहे. सरांच्या भाषेत मी ‘टाईप घेते’. सर म्हणजे क्लासचे मालक. त्यांचा आवाज खणखणीत आहे, आत्मविश्वास त्याहून खणखणीत आहे, आणि बीजगणिताचं म्हणाल तर उथळ पाण्याला खळखळाट फार. शाब्दिक उदाहरणांच्या बाबतीत त्यांनी एक शोध लावला आहे आणि त्यावरच क्लास चालतो. शोध असा की शाब्दिक उदाहरण वाचायचं नाही, ओळखायचं. बाप आणि मुलगा दिसले की वयवाला टाईप. नदी दिसली की नाववाला. टाकी दिसली की नळवाला. दोन अंकी संख्येतल्या अंकांची अदलाबदल झाली की उलटापालटा. सर माइकवर प्रश्नाचे पहिले चार शब्द वाचतात, आणि पाचवा शब्द यायच्या आत अख्खा वर्ग टाईपचं नाव घेऊन ओरडतो. पाचव्या शब्दापुढे कुणी जात नाही. सरही जात नाहीत.

टाईप ठरला की साचा ठरलेला. साच्यात आकडे टाकायचे, समीकरण सोडवायचं, आणि वर्गसमीकरण असेल तर शेवटी एक ओळ लिहायची: ‘ऋण किंमत अमान्य.’ ही ओळ पोरांकडून इतकी घोटून घेतलेली आहे की काही जण प्रश्न वाचायच्या आधीच ती पानाच्या तळाशी लिहून मोकळे होतात. उत्तर नंतर वरून खाली येऊन तिला मिळतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि पाहून गप्प बसणं मला फार जड गेलं आहे.

या उदाहरणांबद्दल मला फार प्रेम आहे असं कुणी समजू नये. स्वतःचं वय मुलाच्या वयाच्या पाचपटीत सांगणारा तो बाप मला कधीच आवडला नाही. सरळ वय सांगायला त्याचं काय जात होतं? टाकी भरणारा आणि टाकी रिकामी करणारा असे दोन्ही नळ एकदम सोडून घड्याळ बघत बसणारा इसम आमच्या गल्लीत असता, तर शेजारच्या बायकांनी त्याला पाणी तरी नीट वापरायला शिकवलं असतं. पण या सगळ्या खुळचट सोंगाखाली एक गोष्ट खरी आहे. जे माहीत नाही त्याला x म्हणायचं, त्याच्यावरून समीकरण मांडायचं, सोडवायचं, आणि मग परत प्रश्नाकडे जाऊन विचारायचं की बाबा, दोन उत्तरं आली, यातलं तुला कुठलं चालेल? हा शेवटचा प्रश्न विचारला नाही तर बाकीचं सगळं कॅल्क्युलेटरही करतो. सरांनी नेमका तोच प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी ओळ चिकटवली.

सरांना मुलांची नावं लक्षात राहत नाहीत. ते गावावरून हाक मारतात. ए बिद्री, उठ. ए शिरोळ, फळ्यावर ये. त्यातली शिरोळ म्हणजे एक मुलगी. बाप ऊस पिकवतो, घर खाऊनपिऊन सुखी. तिला शिकायला इथे मामाकडे ठेवलेलं होतं. ती पहिल्या आठवड्यापासून माझ्या लक्षात राहिली, कारण ती पाचव्या शब्दापुढे वाचायची.

पावसाळा संपत आला तेव्हा मी नावेचं उदाहरण घेतलं. प्रवाहाच्या दिशेने नाव तासाला १२ किलोमीटर जाते, प्रवाहाच्या विरुद्ध ८. नावेचा संथ पाण्यातला वेग x, पाण्याचा y. x आणि y ची बेरीज १२, वजाबाकी ८, म्हणून x दहा, y दोन. वर्गानं ‘नाववाला’ म्हणून आधीच आरोळी ठोकलेली होती, त्यामुळे उत्तरात कुणाला रस उरला नव्हता. तेवढ्यात ही उठली.

“मॅडम, आमच्याकडं पुरात पाणीच नावंपेक्षा जोरात असतंय. मग नाव वरच्या अंगाला न्यायला किती येळ लागंल?”

वर्ग खो खो हसला. मला मात्र इतका आनंद झाला की खडू हातातून पडला. इतक्या वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच मला कुणी गणित विचारलं होतं. मी म्हटलं, घाल आकडे. नावेचा वेग सहा, पाण्याचा नऊ. तिनं फळ्यावर वजाबाकी केली, उणे तीन आले. मी विचारलं, उणे तीन म्हणजे काय? ती खडू धरून बराच वेळ त्या उणे चिन्हाकडे बघत राहिली.

“म्हंजे नाव तोंड वर करून खाली जातीया,” ती म्हणाली.

याच्यापेक्षा चांगलं उत्तर मी एमएस्सीला असताना वर्गात ऐकलेलं नाही. पण सर दारात उभे होते. त्यांनी फळ्यावरचे उणे तीन पाहिले आणि म्हणाले, ए शिरोळ, वेग कधी ऋण असतोय का? ऋण किंमत अमान्य, लिही. मग मला म्हणाले, मॅडम, पूर ओसरला, आता पोर्शन बघा. मी म्हणाले की वेगाला दिशा असते, सर, आणि हे नववीच्या विज्ञानात आहे. तोवर ते पुढच्या वर्गात पोचलेही होते. सरांनी नववी कुठे केली हे विचारायची सोय नाही. मुलीनं उणे तीन पुसले आणि जागेवर जाऊन बसली.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिचे वडील क्लासमध्ये आले. मी तिथेच होते. त्यांचं बोलणं सरळ होतं. जानेवारीच्या परीक्षेनंतर सर वीसेक मुलं निवडून त्यांची ‘रँकर बॅच’ करतात. त्यांना एसीची खोली असते, बाकीच्यांना पंखा आणि उपदेश. वडील म्हणाले, पोरगी रँकरात बसली तर अकरावीला सायन्सला कोल्हापुरातच राहू दे. नाही बसली तर दहावी झाली की गावाकडे. तिकडंबी कॉलेज हाय की, असंही त्यांनी सांगितलं. मुलगी शेजारी उभी होती. तिला इंजिनिअर व्हायचं होतं आणि गावाकडे परत जायचं नव्हतं. यातली दुसरी गोष्ट ती पहिलीपेक्षा जास्त ठामपणे सांगायची. सरांनी वडिलांना ऐकवलं की पोरगी हुशार आहे, पण फाटे फोडती. फाटे बंद झाले तर बसेल. वडिलांनी तिच्याकडे एकदा बघितलं, तेवढंच.

जानेवारीच्या परीक्षेचा बीजगणिताचा पेपर मी काढायचा आणि सरांनी तपासायचा असं ठरलं. तपासायचा म्हणजे सरांनी आधीच छापून ठेवलेल्या साच्याशी ताडून बघायचा. मी त्यात एक प्रश्न घातला. साधा होता, आणि घातला तो काही भोळेपणानं नाही. ‘ज्यांचा गुणाकार १६८ आहे असे दोन क्रमागत सम पूर्णांक शोधा.’ पहिला x, दुसरा x अधिक दोन. समीकरण सोडवलं की x बारा येतो, नाहीतर उणे चौदा. बारा आणि चौदा ही एक जोडी. उणे चौदा आणि उणे बारा ही दुसरी. पूर्णांक ऋणही असतात, म्हणून दोन्ही जोड्या बरोबर. प्रश्नात ‘नैसर्गिक संख्या’ म्हटलं असतं तर दुसरी जोडी बाद झाली असती. मी ‘पूर्णांक’ लिहिलं. पाचव्या शब्दापुढे वाचणाऱ्याला ते दिसलं असतं, आणि तसं वाचणारं त्या क्लासमध्ये एकच डोकं होतं. ती दोन्ही जोड्या लिहील, सरांना ते बघावं लागेल, आणि त्यांची ती ओळ त्यांच्याच हातात फुटेल, असं माझ्या मनात होतं. पेपर छापायला दिला त्या दिवशी मी खुशीत घरी गेले.

पेपरांचा गठ्ठा सरांच्या टेबलावर आला तेव्हा मी तो आधी चाळला. सगळ्यांनी, एकूणएक सगळ्यांनी, एकच वाक्य लिहिलेलं होतं. संख्या ऋण असू शकत नाही, म्हणून उणे चौदा अमान्य. गणिताच्या पेपरात! ज्या पोरांनी सहावीत संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे उड्या मारल्या, त्यांनी दहावीत लिहून दिलं की डावीकडे काही नसतंच. हसावं की रडावं ते मला कळेना. मी घाईघाईनं तिचा पेपर शोधला. अक्षर सुंदर, पायऱ्या सगळ्या जागच्या जागी. शेवटी तेच वाक्य होतं, खाली पट्टीनं रेघ मारून.

मी केबिनमध्ये गेले आणि सरांना म्हणाले की या प्रश्नाला दोन जोड्या आहेत, एकच लिहिणाऱ्याचे अर्धे गुण कापायला हवेत. सरांनी उत्तरपत्रिका उलट्यासुलट्या केल्या आणि खुर्चीत मागे रेलले.

“मॅडम, एकानं बी लिवलं न्हाय म्हंजे पोरांचं चुकल्यालं न्हाय. प्रश्नाचं चुकलंय.”

सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले. शिरोळ रँकर बॅचमध्ये बसली.

दुसऱ्या दिवशी ती मला जिन्यात भेटली. मामीनं दिलेला पेढ्याचा पुडा तिच्या हातात होता. मी पेढा घेतला, पाठीवर हात ठेवला, खरंच आनंद झाला म्हणून सांगितलं. आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, की तो सम पूर्णांकांचा प्रश्न तुला कळला नव्हता का. तिनं जिन्यात वरखाली बघितलं. कुणी नव्हतं.

“कळला व्हता की. उणे चौदा आणि उणे बारा.”

मग लिहिलं का नाहीस, असं मी विचारलं.

“पेपर सर तपासणार हाईत हे मी आधीच इचारलंतं. तुमी तपासणार असता तर दोन्ही जोड्या लिवल्या असत्या.” मग मला बरं वाटावं म्हणून की काय, हसून म्हणाली, “पूर्णांक वाचला तवाच कळलं, हे मॅडमनी घातलंय. तुमचा बी एक टाईप असतोय की, मॅडम. फसवावाला.”

तिनं हे अगदी सहज सांगितलं, एसटी कुठल्या फलाटाला लागते ते सांगावं तसं. पुडा बंद करून ती वर निघून गेली. मला राग आला, आणि तो सरांवर काढावा असं वाटलं, पण सरांनी या वेळी काहीच केलेलं नव्हतं. तिनं केलं ते तिच्या दृष्टीनं शहाणपणाचंच होतं. ती कोल्हापुरात राहणार होती. चुकून सुद्धा तिला दोष द्यायची माझी तयारी नाही. तरी तो पेढा मला गोड लागला नाही.

आठवड्यानं रँकर बॅचला माझा पहिला तास होता. एसी चालू होता, मुलं पाठ ताठ करून बसली होती. मी वीस मीटर रुंद आणि तीस मीटर लांब अशा बागेचं उदाहरण दिलं. आतल्या कडेनं चारी बाजूंना सारख्या रुंदीचा रस्ता काढायचा, आणि मध्ये ३३६ चौरस मीटर हिरवळ उरली पाहिजे. रस्ता किती रुंद? समीकरण सुटलं, दोन उत्तरं आली: तीन आणि बावीस. ओळ लिहायला सगळ्यांची पेनं खाली आली आणि तिथेच अडकली, कारण दोन्हींत ऋण काहीच नव्हतं. वीस मीटरच्या बागेत बावीस मीटरचा रस्ता मावत नाही, हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

मी तिलाच उभं केलं आणि विचारलं, यातलं कुठलं ठेवायचं आणि का. मला वाटलं ती बागेची आकृती काढेल, निदान फळ्याकडे तरी बघेल. तिनं वहीकडे बघितलं नाही आणि फळ्याकडेही बघितलं नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मला कुठलं उत्तर हवंय ते कळेपर्यंत.