आधी फोटू

"थांबजो. हात नोको लावू. आधी फोटू."

शेजारच्या काकूंच्या हातचा केक खायचा म्हणजे हे ऐकून घ्यावंच लागायचं. सुरी उचललेली असायची, पोरं ताटल्या घेऊन उभी असायची, आणि काकू पदर कमरेला खोचून, मोबाईल आडवा धरून, एक डोळा मिटून केकभोवती फिरत असायच्या. मोबाईलवर फोटो काढायला डोळा मिटावा लागत नाही, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. त्या म्हणायच्या, "दोन डोळ्यांनं पाह्यलं की लय काई दिसते वो. एकानं पाह्यलं की केकच दिसते." मी सुरी खाली ठेवायची.

वर्ध्याजवळच्या सावंगीत दवाखान्याच्या मागच्या बाजूला आमची घरं. मध्ये कमरेएवढी भिंत. अलीकडे बाबा आणि मी, पलीकडे काकू एकट्या. काका कॉलेजच्या बसवर ड्रायव्हर होते, ते गेले आणि पुढच्याच वर्षी काकूंनी केक करायला घेतले. कोणी शिकवलं नाही. मोबाईलवर बघून बघून, कुकरच्या तळाशी मीठ पसरून पहिला केक केला, तो मधे बसला. दुसरा करपला. तिसरा त्यांनी भिंतीवरून आम्हाला दिला, आणि मी चहात बुडवून सगळा खाल्ला. मग त्यांच्या नागपूरच्या लेकीनं ओव्हन आणून दिला आणि होस्टेलची पोरंपोरी वाढदिवसाला काकूंकडे यायला लागली.

तसे केक आता गल्लीगल्लीत होतात. काकूंच्या केकवर मात्र खरी फुलं असायची, आणि त्याची एक गोष्ट होती जी फक्त मला माहीत होती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची पुढची खोली सरळ दिसते. समोरच्या भिंतीवर काकांचा फोटो. रोज सकाळी आंघोळ झाली की काकू परडी घेऊन अंगणात उतरायच्या आणि मिळतील ती फुलं त्या फोटोभोवती लावायच्या. हार नाही करायच्या. सुतळी बांधून तिच्यात एकेक फूल खोचायच्या, मागे सरकून बघायच्या, एखादं काढायच्या, दुसरं लावायच्या. मग मोबाईल, मिटलेला डोळा, फोटू. त्या दिवशी काकांभोवती जे असेल, ते दोन-चार दिवसांत कोणाच्या तरी केकवर उतरायचं. पळसाच्या दिवसांत होस्टेलच्या एका मुलीला आख्खा केशरी केक मिळाला. एकदा वडनेरहून माझ्या आत्यानं शेंगांच्या पिशवीत कपाशीची फुलं घालून पाठवली. ती पहिल्या दिवशी पिवळी असतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात. काकूंनी अर्धा केक पिवळा केला, अर्धा गुलाबी.

"सुचतं कुठून हो तुम्हाला?" मी विचारलं, तर त्यांनी भिंतीवरच्या काकांकडे हात केला. "याईले इचार."

आता बाबांबद्दल सांगते. बाबा जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत होते. काकू त्यांना गुरुजी म्हणायच्या आणि प्रत्येक केकचा फोटो भिंतीवरून दाखवायच्या. बाबांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे महाकठीण. चष्मा वर-खाली करून ते म्हणायचे, "हिरवा जरा जास्त झाला." काकू मान डोलवायच्या. कधीतरी ते म्हणायचे, "बरं आहे." तेवढं म्हटलं की काकूंचा दिवस चांगला जायचा. मला ऐकवायच्या, "गुरुजी बरं हाये म्हन्ले." बाहेरच्या दहा जणांनी वा वा केलं तरी त्या भिंतीशी येऊन उभ्या राहायच्या. बाबांना विचारल्याशिवाय त्यांना आपलं काम खरं वाटायचं नाही.

बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा आम्ही घरच्या घरी कार्यक्रम करायचा ठरवलं. काकूंना केक सांगितला. त्यांनी बाबांचा जुना फोटो मागून घेतला, काळा-पांढरा, कोटातला. हल्ली वर्ध्यात साखरेच्या कागदावर फोटो छापून मिळतो, तो केकवर ठेवता येतो, खाताही येतो. कसा करणार म्हणून मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "पाह्यजो तं खरं. आजवर केला नाई असा." चार दिवस त्यांच्या खिडकीला पडदा होता. काकूंनी पडदा लावलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी घर भरलं होतं. आत्या वडनेरहून आली होती, नव्वदीला टेकलेली, बाबांची थोरली बहीण. काकूंनी खोका टेबलावर ठेवला, नवी साडी सावरली आणि झाकण उचललं.

मधोमध बाबांचा तो कोटातला फोटो. भोवती तपकिरी क्रीमची चौकट. चौकटीला लागून चारही बाजूंनी पांढरी-पिवळी शेवंती, एकेक फूल निवडून, घट्ट लावलेली. आणि खाली, फोटोच्या पुढ्यात, एकच लहानशी मेणबत्ती. काकूंनी ती पेटवलीही होती.

सुंदर होतं. आज हे मी बेलाशक म्हणते. त्या वेळी मात्र टाळ्या वाजवायला उचललेले हात मी तसेच खाली घेतले.

काकू मोबाईल काढून एक डोळा मिटत होत्या. "थांबजो, आधी..." एवढं म्हणाल्या आणि त्यांना आत्याचं तोंड दिसलं. आत्यानं पदर तोंडाला लावला होता. ती हळूच म्हणाली, "माह्या भावाच्या फोटूले फुलं लावली वो हिनं. जिता हाये ना तो."

काकूंनी मिटलेला डोळा उघडला. दोन्ही डोळ्यांनी त्यांनी केक पाहिला, आणि मग त्यांनाही ते दिसलं. त्यांचा चेहरा कसा झाला हे मला लिहिता यायचं नाही. मोबाईल त्यांनी साडीच्या घोळात लपवला.

तरी आत्याचं बोलणं त्यांनी सोसलं असतं. म्हातारं माणूस, त्यात भावाची माया. पण बाबा उभे होते ते मागे सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे उचला इथून."

जन्मभर पोरांना रंग-रेषा शिकवणारे बाबा. कुंडली न बघता माझ्या भावाचं लग्न लावून देणारे बाबा. घाबरले हो ते. स्वतःचा फोटो फुलांत बघून त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती.

मग जे झालं त्याला हसावं की रडावं कळत नाही. "चुकलं वो माय, चुकलं," करत काकू स्वतःच्या हातानं फुलं उपटायला लागल्या, तर क्रीमला भोकं पडत गेली. मेणबत्ती विझवायला त्या वाकल्या, तर आत्या म्हणाली, फुंकू नोको. साखरेचा कागद उचलायला गेल्या, तर बाबांचा कान फाटला. आता आत्या म्हणते, फाडू नोको. सुरी लावायची तर कोणाची छाती होईना. खायचा प्रश्नच नव्हता आणि टाकायचाही नव्हता. एक चुलतभाऊ म्हणाला, धाम नदीत सोडू, आणि लगेच त्यानं जीभ चावली. शेवटी काकूंनी उलथन्यानं तो कागद अलगद सोडवला, ताटलीत घेतला, वर दुसरी ताटली झाकली आणि मागच्या दारानं घरी गेल्या. उरलेला केक आम्ही कापला. चांगला झाला होता. कोणी तसं बोललं नाही.

त्या केकचा फोटो कोणाकडेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. काकू ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. मी काहीबाही बोलत राहिले, लोक काय बोलतच असतात, आत्या जुन्या वळणाची, वगैरे. त्या वळल्या नाहीत. ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज सकाळी त्याईच्या फोटूले फुलं लावते, त्याच्याहून चांगलं मले काई येतच नाई. म्हन्लं गुरुजींले आपलं सगळ्यात चांगलं द्यावं. जितं-मेलं मनातच नाई आलं वो."

त्यानंतर काकूंच्या केकवर फूल दिसलं नाही. बाजारात मिळतात ती सोनेरी प्लास्टिकची अक्षरं खोचायच्या आणि खोका बंद करायच्या. फोटू नाही, काही नाही. पडदा निघाला तेव्हा बघते तर काकांच्या फोटोला चंदनाच्या सालींचा तयार हार. तो रोज बदलावा लागत नाही, धूळ झटकली की झालं. अंगणातली फुलं झाडावरच वाळून जायला लागली. खिडकीत उभं राहून ते बघताना मला राग यायचा, आणि कोणाचा ते कळायचं नाही.

आणि बाबा? ते फिरायला मागच्या बोळातून जायला लागले. बोळात नाली वाहते, डुकरं असतात, पण काकूंच्या दारावरून जायला नको. मी भांडले. म्हटलं, एकदा जाऊन बरं होतं म्हणा, दोन शब्द तर आहेत. बाबा म्हणाले, "आणि पुढं काय म्हणू? घाबरलो म्हणू?" काकूही भिंतीशी यायच्या थांबल्या. दोघंही एकमेकांना लाजत होते, आणि मधे मी वाट्या-डब्यांची ने-आण करत होते.

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग काकूंचे गुडघे अगदीच धरले आणि लेकीनं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. टेम्पो भरत होता तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. रिकाम्या स्वयंपाकघरात फ्रीज तेवढा राहिला होता. त्यातून त्यांनी स्टीलचा चपटा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. हात गारठला.

"यात गुरुजी हायेत," त्या म्हणाल्या.

मला आधी समजेना. मग समजलं आणि हसूच फुटलं. त्याही जरा हसल्या. मग म्हणाल्या, "फेकवलं नाई वो. जित्या माणसाचं तोंड कचऱ्यात कसं टाकू? तुमचं तुमी पाहा आता. अन् गुरुजींले म्हनजो, माफ करा म्हना." टेम्पो गेला तेव्हा बाबा पडद्याआड उभे होते. बाहेर आले नाहीत.

डबा मी त्यांच्यापुढे ठेवला आणि कामावर निघून गेले. खरं सांगते, मुद्दामच ठेवला.

संध्याकाळी आले तर बाबा टेबलाशी बसलेले. पुढ्यात ताट, ताटात तो साखरेचा कागद, कान फाटलेला, कोटाला क्रीमचे डाग. शेजारी रुमालात शेवंती. काकूंच्या अंगणातली. पंचाहत्तरी उलटलेला माणूस कमरेएवढी भिंत ओलांडून फुलं तोडून आला होता, आणि धोतराला माती लागली होती. ते एकेक फूल फोटोभोवती लावत होते. मागे सरकून बघत होते. एक बाजू वाकडी झाली होती, पण त्यांनी चौकट पूर्ण केली. खाली मेणबत्ती नव्हती म्हणून देवघरातलं निरांजन आणून ठेवलं. ते कागद उचलून खायला घेतील की काय असं वाटून मी पुढे झाले, तर बाबा म्हणाले, "थांब. आधी फोटो."

मी एक डोळा मिटून फोटो काढला. तो काकूंना पाठवला. काय लिहू विचारलं, तर बाबांनी चष्मा वर-खाली केला. मग म्हणाले, "लिही, बरं आहे." मी टाइप केलं. "नको, ते खोड. लिही, फार चांगलं होतं. मी घाबरलो होतो." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग त्यांनी फाटक्या कानाकडून सुरुवात केली. अर्धा तुकडा मला दिला. त्याला फ्रीजचा वास येत होता. आम्ही दोघांनी तो संपवला.

काकूंनी रात्रीच वाचलं होतं, उत्तर मात्र सकाळी आलं. शब्द एकही नव्हता, नुसता फोटो. नागपूरच्या कुठल्याशा फ्लॅटची भिंत, तिच्यावर काका. चंदनाचा हार काढलेला. तिथं अंगण कुठलं असणार? सुतळीत कोथिंबिरीचे पांढरे तुरे होते, तुळशीच्या मंजिऱ्या होत्या, आणि मधेमधे कढीपत्त्याची पानं.

बाबांनी तो हातभर लांब धरून बघितला. त्यांनी मोबाईल परत दिला, टोपी घातली, काठी घेतली आणि फिरायला निघाले. बऱ्याच महिन्यांनी पुढच्या फाटकातून.

मी खिडकीत होते. काकूंच्या दाराला कुलूप होतं. बाबा त्या दारापुढे थांबले. टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घालून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले, दार उघडायची वाट बघत असल्यासारखे.